बारा पूर्वेला, पाच उत्तरेला

घनसावंगी,
सोमवार

प्रिय दादा,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू ते खिशात कोंबशील आणि दोन-चार दिवस तसंच ठेवशील, हे मला पक्कं ठाऊक आहे. शाळेचा निकालही तू असाच चड्डीच्या खिशात ठेवायचास, तो धुण्यात भिजून लगदा होईपर्यंत. पण हे फोड. फोन तू उचलत नाहीस. दुसऱ्याच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून ठेवून देतोस. मागच्या संक्रांतीला तर चक्क 'राँग नंबर' म्हणालास. सख्ख्या भावानं मला राँग नंबर म्हटलं, यावर हसायला मला बरेच दिवस लागले. तुझा पत्ता तातेरावनं दिला. त्याची जीप अजून घनसावंगी ते वाटूर फाटा फेऱ्या मारते, दारं अजून दोरीनंच बांधलेली आहेत, आणि अधूनमधून पुण्याचं भाडं मिळालं की तो तुला भेटून येतो, हे त्यानं माझ्यापासून इतके दिवस लपवलं होतं. पत्ता देताना म्हणाला, "आक्का, त्याला बोलू नका काही, त्यो आधीच निम्मा झालाय." मी बोलणार नाही. मला फक्त आपल्या कडुलिंबाबद्दल सांगायचंय. आबा त्या झाडाखाली गेले आणि त्याचा दोष तू चार वर्षं एकटा वाहतोयस. तो दोष तुझा आहे का, एवढंच या पत्राचं काम. ते वाचून झालं की गावी यायचं की नाही ते तू ठरव.

आबा झाड कसं पाडायचे, ते तुला सांगायची गरज नाही, पण मला लिहायचं आहे, कारण मी ते आता पहिल्यांदा नीट समजून घेतेय. मेंढरं विकून टाकल्यावर आबांनी हे काम धरलं. कुणाच्या घरावर, गोठ्यावर ओणवलेलं वाळकं झाड असलं की लोक आबांचंच नाव घ्यायचे, म्हस्कूला बोलवा. झाड जिथं पाडायचं तिथं माणूस उभा करता येत नाही, तो चेंगरेल. म्हणून तिकडं कुणीच ओढायचं नाही. शेंड्याला दोन दोर बांधायचे, एक जण एका बाजूला ओढणार, दुसरा दुसऱ्या बाजूला, आणि झाड दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत येऊन पडणार. लहानपणी मला ही करणी वाटायची. जिकडं कुणीच ओढत नाही तिकडंच झाड जातं कसं? बघायला जमलेली माणसं हमखास दोरापासून लांब व्हायची आणि मधल्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहायची, आणि आबा खेकसायचे, "मधी कुणी वढत न्हाई म्हून मधी उभं ऱ्हाता का? दोराखाली या. वढणाऱ्याच्या जवळचा माणूस वाचतो." हा त्यांचा पहिला कायदा. दुसरा तुम्हां दोघा भावांसाठी होता: झाड एकदा कलंडलं की दोर सोडायचा नाही, हात सोलून निघाला तरी नाही. तू तो कायदा पाळलास. तुझ्या तळहातावरचे वळ मी त्या संध्याकाळी पाहिले होते.

त्या दिवशी मी कॉलेजात होते, म्हणून मला जे कळलं ते तुमच्याच तोंडून. आपलंच झाड होतं, गोठ्यामागचा वाळलेला लिंब. तुझ्या हातात पूर्वेचा दोर, धाकट्या सोमेश्वरच्या हातात उत्तरेचा, मधे रिकामं खळं. आबांनी शेवटचा घाव घातला, बाजूला झाले, तुम्हाला हाक दिली. झाड कलंडलं आणि तेवढ्यात एक कोकरू सुटून खळ्यात गेलं. मेंढरं विकली तरी मायच्या हट्टानं चार ठेवली होती, त्यातलंच ते. आबा त्याच्यामागं गेले. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांना मधून हाकललं, तो कोकरासाठी मधे गेला. मान वर केली तर झाड अंगावर येत होतं. मग आबांनी तेच केलं जे ते सगळ्यांना सांगायचे: ते तुझ्या दोराकडं पळाले. हिशेबानं ते वाचायला हवे होते. पण झाड खळ्यात आलंच नाही. ते तुझ्याकडं वळलं आणि गुरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीवर पडलं. डोणीचा कोपरा तुटला. आबा त्या कोपऱ्यापाशी होते.

मी आले तेव्हा तू त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होतास. थोरले चुलते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होते, "झाड सुग्र्याकडं पडलं म्हंजे सुग्र्यानंच जास्ती वढलं. ह्याला सोताच्या ताकदीचा अंदाज कवाच नव्हता." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण वाटूरच्या बाजारात पैज लावून तू उचललेली पोती सगळ्यांना आठवत होती. मला सगळ्यात वाईट कशाचं वाटलं सांगू? तू मान वर न करता म्हणालास, "बराबर हाय. म्याच वढलं." मग मडक्याची वेळ आली. थोरला म्हणून आगीचं मडकं तुझ्या हातात दिलं होतं, चुलत्यांनी ते काढून घेतलं. "ज्याच्या हातानं बाप गेला त्यानं मडकं धरायचं न्हाई." तू गुपचूप देऊन टाकलंस. सोमेश्वरनं ते धरलं, आणि वाटेत त्याच्या हातून दोनदा निखारे सांडले. आम्ही म्हणालो, पोर लहान आहे, बाप गेलाय. माय पदर तोंडात धरून बसली होती. तीही काही बोलली नाही. तेरावा उरकला आणि तू पिशवी घेऊन फाट्यावर गेलास, ते गेलासच.

आता जरा मास्तरीण होते, सोस. गेल्या आठवड्यात अकरावीला सदिशांचा धडा चालू होता. आमची पोरं त्याला व्हेक्टरच म्हणतात. ज्या गोष्टीला नुसतं 'किती' पुरत नाही, 'कुणीकडं' हेही सांगावं लागतं, ती सदिश. ढकलणं, ओढणं, चालत जाणं, सगळं त्यातलंच. त्याचे दोन तुकडे माहीत असले, पूर्वेकडं किती आणि उत्तरेकडं किती, की अख्खा सदिश सापडतो. दोघांचे वर्ग करायचे, बेरीज करायची, वर्गमूळ काढायचं. ते झालं 'किती'. मग उत्तरेच्या तुकड्याला पूर्वेच्या तुकड्यानं भागायचं आणि तो भागाकार कोणत्या कोनाचा आहे ते बघायचं. ती झाली दिशा. मी फळ्यावर पूर्वेला तीन, उत्तरेला चार घेतले, उत्तर पाच आलं, कोन काढला, पोरांनी उतरवून घेतलं. मागच्या बाकावर पायल म्हणून एक मुलगी बसते, वर्गात सहसा तोंड उघडत नाही. ती उठली आणि म्हणाली, "मॅडम, तीन-चार घेतले काय आन् सहा-आठ घेतले काय, दिशा तीच येऊन राह्यली. मंग नुसत्या दिशेवरून कसं कळल, एकाचा जोर वाढला का दुसऱ्याचा घटला?" मी म्हणाले, नाही कळत, त्यासाठी परिमाण, म्हणजे 'किती', तेही लागतं. एवढं म्हणाले आणि खडू हातात तसाच राहिला. मला फळा दिसेना, डोण दिसायला लागली. तास संपायला वेळ होता, मी पोरांना उदाहरणं सोडवायला लावली आणि खुर्चीत बसून राहिले.

कारण दादा, आपल्या भावकीनं हेच केलं होतं. झाडाची दिशा बघितली आणि दोष देऊन मोकळी झाली. झाड तुझ्याकडं गेलं याचा अर्थ एवढाच की तुझी ओढ सोमेश्वरच्या ओढीपेक्षा जास्त होती. ती तू वाढवलीस म्हणून जास्त होती, की त्याची कमी झाली म्हणून, हे पडलेल्या झाडाकडं बघून जगातला कुठलाच शहाणा सांगू शकत नाही. चुलते तर नाहीच नाही. पण तू स्वतःही तेच खरं मानलंस. तू दांडगा, तो किडकिडीत, म्हणजे चूक दांडग्याची.

काल रविवारी मी वस्तीवर गेले. मायला हल्ली उठवत नाही. पोटात पाणी होतं, जालन्याच्या दवाखान्यात दोनदा नेलं, दुसऱ्यांदा डॉक्टर म्हणाले घरीच बरं वाटेल त्यांना. तिची बाज गोठ्याच्या सावलीत टाकलेली असते, तिथून लिंबाचा बुंधा समोर दिसतो. बुंधा कुणी काढला नाही, डोणही तशीच तुटकी आहे. मी बुंध्यापासून पूर्वेला चालत गेले, बारा पावलं. तिथून वळून उत्तरेला डोणीच्या तुटक्या कोपऱ्यापर्यंत, पाच. बाराचा वर्ग, पाचचा वर्ग, बेरीज एकशे एकोणसत्तर, वर्गमूळ तेरा. आबांनी पाडायच्या आधी लिंबाची उंची तेरा पावलंच धरली होती, म्हणजे मोजणी बरोबर. आणि दिशा निघाली तुझ्या दोरापासून जेमतेम साडेबावीस अंश. मधोमध पडायचं तर पंचेचाळीस हवे होते. मी त्या कोपऱ्यावर हात ठेवून उभी होते. दगडावर अजून सालीचा खरवडा आहे, की मला तसं वाटलं, कोण जाणे. माय बाजेवरून म्हणाली, "काय मोजून राह्यली गं?" मी सांगितलं, झाड कुणामुळं वळलं ते बघते. तिनं बुंध्याकडं बघितलं. मग म्हणाली, "मोजू नको. म्या बघितल्तं. सोम्यानं दोर सोडल्ता."

दादा, इथं थोडं थांब आणि पाणी पी. मीही काल तेच केलं.

माय त्या वेळी गोठ्याच्या दारात होती. तिनं सोमेश्वरच्या हातातून दोर सुटताना पाहिला. निसटला नव्हता, त्यानं सोडला होता. हे ती सांगत होती तेव्हा सोमेश्वर कडब्याची पेंढी घेऊन मागं येऊन उभा होता, आम्हां दोघींच्या लक्षात आलं नाही. पेंढी त्याच्या हातातून पडली आणि तो तिथंच मातीत बसला. मी ओरडणार होते, पण त्याचं तोंड बघून ओरडवलं नाही. म्हणाला, "आबा मधी गेला, म्या बघितलं. वाटलं, आता वढलं तर त्याच्या अंगावर यील. म्हून सोडला, आक्का. जल्दी सोडला." आणि मग, "त्यो दादाकडं पळल हे ध्येनातच आलं न्हाई." तुझ्या लक्षात येतंय ना? त्यानं दोर धरून ठेवला असता तर झाड खळ्यात पडलं असतं आणि आबा तुझ्या दोराखाली पोचले असते. आबा हलले नसते तरीही वाचले असते, कारण दोर सुटल्यावर झाड मधे येणारच नव्हतं. सोमेश्वरनं त्यांना वाचवायला दोर सोडला, आबांनी स्वतःला वाचवायला दोर गाठला, आणि तू कायदा मोडायचा नाही म्हणून ओढत राहिलास. तिघांपैकी कुणीही वाईट वागलं नाही आणि आबा गेले. याचा राग कुणावर काढायचा ते मला काल दिवसभर कळलं नाही.

सोमेश्वरबद्दल एक सांगते. त्या दिवसापासून त्यानं दोराला हात लावलेला नाही. गुरं साखळीनं बांधलेली असतात, आम्हाला वाटायचं नवी पद्धत. विहिरीचं पाणी त्याची बायको बेबीनंदा शेंदते, आणि लोक तिच्या माघारी हसतात की नवऱ्याला आयतं लागतं. ती बिचारी लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यापासून हे ऐकून घेतेय आणि तिला कारणही माहीत नव्हतं. काल तिनं ऐकलं. आत गेली, भाकरी थापत राहिली. जेवायला कुणी बसलं नाही.

राग मात्र मला मायचा आला, आणि मी तो तिला बोलून दाखवला, आजारी असली तरी. चार वर्षं! थोरला लेक परक्या मुलखात लोकांच्या गोदामाची राखण करतो, सणाला येत नाही, बहिणीला राँग नंबर म्हणतो, आणि हिला सगळं ठाऊक! तिनं माझा हात धरला. तिचे हात आता नुसत्या काड्या झालेत. म्हणाली, "सोम्याचं तोंड त्या दिशी तू बघितलं न्हाई. त्यानं हिरीचा रस्ता धरला असता. सुग्रीव दांडगा हाय, त्याला सोसल, असं वाटलं. दोन ल्योक होते माझे, एक तरी ठिवायचा होता." मग म्हणाली, "पर त्यो परत यीनाच गं. मला वाटल्तं चार-दोन महिन्यानं यील." मला तिचं म्हणणं पटलेलं नाही. आजही पटत नाही. पण मला एक दिसलं: भावकीचा दोष असो की मायचा भरवसा, दोन्ही तुझ्याकडंच झुकले, कारण जोर तुझ्यात जास्त. ताकदवान माणसाला किती लागतं हे कुणी विचारत नाही. मीही चार वर्षांत विचारलं नव्हतं. तू कसा आहेस, दादा? जेवतोस का नीट? तातेराव म्हणतो, केस सगळे पांढरे झाले.

मायनं तुझ्यासाठी एक निरोप दिलाय, तो लिहायचा राहिला. आता तासाची घंटा झाली, पोरं वर्गात दंगा करत असतील. संध्याकाळी घरी गेल्यावर लिहिते आणि उद्याच्या टपालानं टाकते.

दादा, आज गुरुवार. मी वस्तीवर ओट्यावर बसून लिहितेय. सोमवारी संध्याकाळी सोमेश्वरचा फोन आला आणि मी होते तशी निघून आले, पत्र पर्समध्येच राहिलं. मायचा निरोप असा होता: "सुग्रीवला बलाव. माझं मडकं त्यानं धरायचं. भावकी जमली का म्या सोता सांगते, मंग खुशाल मरते." मंगळवारी तिनं बाज फिरवून घेतली, बुंध्याकडं पाठ आणि फाट्याच्या रस्त्याकडं तोंड. बोलणं बंद झाल्यावरही तिची मान तिकडंच होती. अंगात काही उरलं नव्हतं, पण दिशा तिनं सोडली नाही. आज उजाडताना माय गेली. भावकीला सांगायचं तिचं राहून गेलं, ते सोमेश्वरनं सांगितलं, अंगणात उभं राहून, सगळ्यांसमोर, चुलत्यांच्या डोळ्यांत बघून. मग आईला धाकटा अशी आपली रीत म्हणून चुलत्यांनी मडकं त्याच्यापुढं केलं, तर त्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि म्हणाला, "धरणारा येऊन राह्यलाय." ते म्हणून तो आत गेला, अजून बाहेर आलेला नाही. तातेराव आज एकही फेरी न मारता हे पत्र आणि रिकामी जीप घेऊन तुझ्याकडं निघतोय. हे पत्र तुझं वाचून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं मी त्याला बजावलंय, म्हणून तो समोर नुसता उभा असेल, त्याच्यावर चिडू नकोस. त्याच्याबरोबर ये. बर्फ मागवलाय, मायला आम्ही ठेवलंय. मडकं माझ्या शेजारी ओट्यावर आहे, रिकामं, आणि बेबीनंदानं अंगणात गवऱ्या पेटवल्यात, त्या ती विझू देत नाही. उशीर झाला तरी चालेल. तू आल्याशिवाय कुणी मडक्यात निखारा घालणार नाही.

वाटेकडं डोळे लावून बसलेली,
तुझीच,
सत्यशीला